उलटा बसवलेला दगड

थोरल्या किरणचं लग्न झालं त्या वर्षाची ही गोष्ट, म्हणजे दोन हजार अकरा सालची. अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, होऊन आठ-दहा दिवस झाले होते. ऊन असं की दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नव्हतं. एरंडोलपासून चार मैलांवर लताबाईचं गाव. तिच्या दारापुढे मांडव पडला होता. घरातलं पहिलं लग्न, त्यात मुलगी लाडकी. लताबाईचा नवरा नवल स्वतः धुळ्याला गेला आणि जवरीलाल शेठच्या दुकानातून आहेराच्या शर्टांसाठी कापडाचा अख्खा ताका खांद्यावर घालून आला. आभाळी रंग, त्यावर बारीक तपकिरी रेघ. शेठ म्हणाले होते, "नवलभाऊ, टेरिकॉट आहे. माणूस जुना होईल, कापड व्हायचं नाही." मेहुणे, साडू, भाचे, जावयाकडचे पाहुणे, सगळ्यांना त्याच ताक्यातला तुकडा मिळाला. पुढे महिनाभर एरंडोलच्या बाजारात आभाळी शर्ट दिसला की लोक म्हणायचे, हा किरणच्या लग्नाला जेवलेला दिसतो.

लग्न पार पडलं आणि भांडण सुरू झालं. भांडण मानापानाचं. नवलच्या थोरल्या बहिणीला लुगडं आधी द्यायचं, ते गर्दीत दुसऱ्याच नणंदेला आधी दिलं गेलं. ती रुसून गेली. नवलने तो दोष लताबाईच्या माथ्यावर ठेवला. पंधरा-वीस दिवस घरात ताटं आपटत होती. शेवटी तीन जूनला, शुक्रवारी सकाळी, नवलने नवा शिवलेला आभाळी शर्ट अंगात घातला, पिशवी उचलली आणि मोबाईल फळीवर ठेवून दिला, कोणी फोन करू नये म्हणून.

"मी आते सुरतले जास," तो दारातून म्हणाला. "नवल मरी गया असं समजी ले."

लताबाईचे हात पिठात होते. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. "बरं," ती म्हणाली, "समजी लिधं."

हे दोन शब्द तिला पुढे जन्मभर पुरले.

सकाळी दहाच्या सुमाराला बातमी आली. धुळ्याकडे जाणारी काळी-पिवळी जीप पारोळ्याच्या पुढे टँकरवर आदळली होती. चार माणसं जागच्या जागी गेली. नवलला फाट्यावर धुळ्याच्या जीपची वाट बघत उभा असलेला गावातल्या तिघांनी पाहिलं होतं. लताबाईला घेऊन लोक सरकारी दवाखान्यात गेले. तिघांची ओळख पटली होती. चौथ्याचा चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. उंची तीच. बांधा तोच. अंगावर आभाळी शर्ट, त्यावर तपकिरी रेघ.

"अक्का, नीट बघा," तिथला माणूस म्हणाला.

नीट काय बघायचं होतं? त्या ताक्याला तिने स्वतः कात्री लावली होती. ती म्हणाली, "मन्हाच शे."

धाकट्या दिराने अग्नी दिला. दहावं झालं, तेरावं झालं. बांगड्या फुटल्या, कपाळ पुसलं गेलं. महिना व्हायच्या आत, आपल्याकडे हल्ली करतात तसा, अपघाताच्या जागी ओटा बांधायचं ठरलं. काम एरंडोलच्या हबीब मिस्त्रीला दिलं. हबीबचा हात चांगला, आणि त्या रस्त्यावरचे निम्मे ओटे त्यानेच बांधलेले. त्याने कंबरेएवढा चौथरा उचलला, वर पाठभिंतीला टेकवून काळ्या दगडाची फरशी उभी केली, फरशीवर नवलचं नाव, जन्मसाल आणि मरणाची तारीख कोरून लाल रंग भरला. चौथऱ्याच्या पोटात ठेवायला लताबाईने तांब्याचा एक गडू दिला. त्यात दवाखान्यातून मिळालेला शर्टाचा वरचा भाग होता, गळ्यापासून खिशापर्यंतचा. तिने तो तसाच घडी करून आत घातला होता. उलगडून पाहण्याचं बळ तिच्यात नव्हतं. हबीबने गडूचं तोंड सिमेंटने बंद केलं आणि वरून चौथरा पुरा केला.

आता पुढचं ऐका. चाळिसावा दिवस असेल. लताबाई ओसरीवर तूर निवडत बसली होती. सकाळची वेळ होती, उन्हं अंगणात नुकती उतरत होती. फाटक वाजलं. पिशवी खांद्याला लावलेला नवल आत आला. दाढी वाढलेली, अंगावर तोच आभाळी शर्ट. त्याचं झालं होतं असं की त्या दिवशी फाट्यावर त्याला ओळखीचा ट्रकवाला भेटला, आणि तो जीपमध्ये बसलाच नाही. सुरतेत पावलोपावली खान्देशी माणूस भेटतो म्हणून तिथेही थांबला नाही. थेट भरूचकडे जाऊन एका गोदामात पोती उचलत राहिला. राग उतरायला चाळीस दिवस लागले.

त्याने बायकोच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं. मोकळ्या हातांकडे पाहिलं.

"कोन मरी गयं?"

लताबाईच्या मांडीवरचं सूप कलंडलं. "तुम्ही," ती म्हणाली.

आत भिंतीवर त्याचाच फोटो होता, त्याला हार होता. नवल फोटोसमोर बराच वेळ उभा राहिला. मग खाली बसून त्याने पाणी मागितलं. लताबाईने पाणी दिलं, पण भांडं त्याच्या हातात देताना तिचा हात त्याच्या हाताला लागला तेव्हा ती दचकली. गरम हात होता. जिवंत माणसाचा हात इतका गरम असतो हे तिला त्या दिवशी कळलं.

गावात तीन दिवस जत्रा लोटली. लोक नवलला बघायला येत, चिमटा काढून बघत. म्हातारा शेजारी म्हणाला, "नवल, तुन्हा तेरावाले मी जेवनू. आते ते जेवन परत मांगू नको." नवलही हसला. पण सगळे गेल्यावर लताबाईने त्याला विचारलं,

"मंग मी जाळा तो कोन व्हता?"

ते दोघं पोलीस चौकीत गेले. जबाब झाला, कागद झाला. एका पेपरात चार ओळी छापून आल्या. आपला माणूस हरवला म्हणत कोणी आलं नाही. राख तर कधीच नदीत गेली होती.

राहता राहिला ओटा. जिवंत माणसाच्या नावाचा दगड रस्त्यावर उभा ठेवायचा कसा? नवलचा भाऊ म्हणाला, पाडून टाका. हबीबला बोलावलं. हबीब पहार घेऊन आला, ओट्याभोवती दोन वेळा फिरला आणि पहार खाली ठेवली.

"अक्का, भिंत म्हनशात तर आते पाडी देस," तो म्हणाला. "पन आठे एक माणूस मरेल शे. नवलभाऊ नही तर दुसरा कोनी. त्यानी जागा मी कशी मोडू?"

मग त्यानेच वाट काढली. फरशी उपटली, फिरवली आणि उलटी बसवली. नावाची बाजू आत, चौथऱ्याच्या पाठभिंतीला चिकटून. कोरी बाजू रस्त्याकडे. मधल्या फटीत चुना भरला. नवलचं नाव अंधारात गेलं आणि बाहेर राहिला एक काळा, गुळगुळीत, कोरा दगड.

त्या रस्त्यावर ओटे कमी नाहीत. नशिराबादपासून धुळ्यापर्यंत जा, दर दोन-तीन मैलांना एखादा दिसेल. कुठे फोटो, कुठे नाव, कुठे नुसता भगवा झेंडा. पण कोरा दगड एकच होता. नाव असलेल्या ओट्याकडे माणूस एकदा वाचून पुढे जातो. या दगडाकडे मात्र दुसऱ्यांदा बघावंच लागायचं. दुसऱ्या वर्षी ओट्यावर नारळाच्या करवंट्या दिसू लागल्या. मग शेंदूर आला. मग ट्रकवाले तिथे वेग कमी करून एकदाच हॉर्न वाजवू लागले. लताबाईला हे पहिल्यांदा एसटीच्या कंडक्टरने सांगितलं.

"कोरा बाबा आहे तो, मावशी. त्या वळणावर तेव्हापासून गाडी पलटी झालेली नाही."

"कोनाना शे तो ओटा?" तिने मुद्दाम विचारलं.

"कोणाचाच नाही. म्हणून तर सगळ्यांचा."

लताबाईने खिडकीबाहेर बघितलं. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. बसमधल्या दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले. ही सगळी माणसं कोणाला हात जोडत होती ते तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक व्हायला हवं होतं ते फक्त तिलाच.

दर अखाजीला आपल्याकडे पितरांची घागर भरतात. लताबाई घरच्या घागरी भरून झाल्या की एक जास्तीची घागर डोक्यावर घ्यायची, बसने पारोळ्याच्या पुढे जायची आणि ओट्यावर ठेवायची. घागरीवर खरबूज, दोन आंबे, एक गोड सांजोरी. नाव घ्यायची वेळ आली की ती नुसतं म्हणायची, "ज्यानं त्यानं पी बाबा." नवल बरोबर असायचा. तो ओट्याजवळच्या लिंबाला पाणी घालायचा आणि गावात सांगायचा, "मन्हा ओटाले पानी घालीसन उनू. आपलं मरन आपनच सांभाळाले पाहिजे."

लोक हसायचे. लताबाई हसायची नाही. तिला एक गोष्ट माहीत होती जी तिने नवललाही बोलून दाखवली नव्हती. नवल परत आला त्याच दिवशी तिला गडू आठवला होता. त्यातलं कापड तिने उलगडून पाहिलं नव्हतं. त्या खिशात काही असेल. त्या गळ्यावर काही खूण असेल. ओट्याखाली ठेवलेलं काढायचं नसतं, असं ती स्वतःला सांगत आली. पण खरं ते नव्हतं. गडू उघडला तर खूण सापडेल, खूण सापडली तर कुणाच्या तरी दारात जाऊन उभं राहावं लागेल. त्या दारात कोणीतरी वाट बघत बसलेलं असेल. त्याला काय सांगायचं? या भीतीने ती अकरा वर्षं गप्प बसली. कपाळाला कुंकू लावताना रोज तिचा हात क्षणभर थांबायचा.

दोन हजार बावीसमध्ये रस्ता चौपदरी होऊ लागला. मार्च महिन्यात माणसं आली, झाडांवर आणि ओट्यांवर लाल फुल्या मारून गेली. ठेकेदाराच्या मुकादमाने सांगितलं, आठ दिवसांत उचला, नाही तर मशीन उचलेल. हबीब मिस्त्री आता सत्तरीला आला होता. तो आपल्या जुन्या एम-एटीवर गावोगाव फिरून एकेक ओटा सोडवत होता. ज्याचा त्याला नेऊन देत होता.

"माझे बत्तीस ओटे जात आहेत," तो लताबाईच्या ओसरीवर चहा पिताना म्हणाला. "एकतीस घरी पोचवले. हा राहिला. हा कुठे पोचवू, अक्का?"

पलीकडच्या शेतकऱ्याने बांधाचा कोपरा द्यायचं कबूल केलं होतं. रस्त्यापासून नव्वद पावलं आत. तिथे नवा चौथरा बांधून फरशी नेऊन बसवायची, एवढंच काम.

सकाळी तिघं तिथे गेले. हबीबने चुना फोडला, पहार घातली, आणि नवलने दुसऱ्या बाजूने हात लावला. फरशी हळूच पुढे झुकली आणि तिची पाठ उजेडात आली.

बाहेरची बाजू उन्हापावसाने पांढुरकी झाली होती, शेंदराने आणि तेलाने काळवंडली होती. पण आतली बाजू काल कोरल्यासारखी होती. अक्षरांच्या कडा धारदार होत्या. लाल रंग ओला वाटावा इतका ताजा होता. कै. नवल. त्याखाली तारीख, तीन जून दोन हजार अकरा.

नवलने अकरा वर्षं या दगडाची चेष्टा केली होती. आता तो दगडापुढे उकिडवा बसला. आपल्या नावावरून त्याने बोट फिरवलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. बोटाला लाल भुकटी लागली. बाजूने ट्रक जात होते आणि एकेक हॉर्न वाजत होता. एरवी त्याने कोटी केली असती. त्या दिवशी त्याने टोपी काढली आणि तशीच हातात धरून बसून राहिला.

हबीबने चौथऱ्याचं पोट उघडलं. गडू हिरवा पडला होता, पण तोंडावरचं सिमेंट शाबूत होतं. हबीबने तो दोन्ही हातांनी उचलला.

"असाच्या असा नव्या ओट्यात ठेवतो," तो म्हणाला.

लताबाईला एवढंच म्हणायचं होतं की ठेवा. नवल काही बोलला नसता. हबीब काही बोलला नसता. रस्त्यावरून जाणाऱ्या हजारो माणसांपैकी कोणालाच काही कळलं नसतं. तिने तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडून निघालं, "फोडा, हबीबभाऊ."

हबीबने तिच्याकडे पाहिलं. मग छिन्नी लावून सिमेंट सोडवलं.

शेठ खरं बोलले होते. कापड तसंच होतं. डाग काळे पडले होते, पण आभाळी रंग आभाळीच होता. लताबाईने ते मांडीवर घेऊन उलगडलं. खिसा रिकामा होता. गळ्याच्या आतल्या बाजूला शिंप्याची चिठ्ठी शिवलेली होती, दोन बोटांएवढी. हबीबने चष्मा पुसून वाचलं. "लिबास टेलर, शिंदखेडा."

"शिंदखेड्याला आपलं कोण?" हबीबने विचारलं. "तुमचे सगळे पाहुणे तर इकडचे."

नवलने कापड हातात घेतलं. त्याचा चेहरा उतरत गेला.

"बाजावाला," तो शेवटी म्हणाला.

"कोन बाजावाला?"

"नवरदेवसंगे शिंदखेडाना बाजा व्हता ना. त्यामा एक पोऱ्या क्लॅरोनेट वाजाडे." नवलला सगळं एकदम आठवलं आणि तो घाईघाईने सांगू लागला. किरणची पाठवणी होती. ऊन रणरणत होतं. बाकीचे वाजवणारे थकून सावलीला गेले, पण हा एकटा गाडी वेशीबाहेर जाईपर्यंत वाजवत राहिला. त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. नवल रडत होता. ताक्यातला शेवटचा तुकडा पेटीत उरला होता, तो त्याने आणला आणि त्या मुलाच्या खांद्यावर टाकला. "मी त्याले म्हनं, शिवी ले. मन्हा नावनं घाल."

नवलनेच आपल्या हाताने त्याला ते कापड घातलं होतं.

"मी त्यानं तोंड बी धड दखं नही," लताबाई म्हणाली. "मी त्याले जेवाले वाढं व्हतं."

दुसऱ्याच दिवशी नवरा-बायको एसटीने धुळ्याला आणि तिथून शिंदखेड्याला गेले. गडू लताबाईच्या मांडीवर फडक्यात बांधलेला होता. बसमध्ये ती मनाशी शब्द जुळवत होती. आधी हे सांगू, मग ते सांगू. शिंदखेड्याला उतरेपर्यंत तिचे सगळे शब्द तीन वेळा लागले आणि तीन वेळा मोडले.

शिंपी म्हातारा होता. त्याने कापड हातात घेतलं, शिवण उलटी करून पाहिली.

"माझाच हात आहे," तो म्हणाला. "आभाळी कापड, बिगरखान्देशी कॉलर मागितली होती त्याने, सिनेमातल्यासारखी. तोतारामचा अभिमन. मोठ्या हौसेने शिवून नेला. तो तर गुजरातेत गेला म्हणतात. एरंडोलकडच्या एका लग्नात बाजाच्या मालकाशी भांडला, तिथूनच एकटा निघाला आणि गुजरातच्या बँडमध्ये लागला." मग त्याची नजर डागांवर गेली. त्याने कापड हळूच घडी करून परत दिलं आणि मशीनवरून उठून स्वतः घर दाखवायला आला.

तोताराम लिंबाखाली खाटेवर बसला होता. ऐंशीच्या घरातला माणूस, डोळे निम्मे गेलेले. जन्मभर त्याच बाजात ढोल वाजवलेला. बायको मागेच गेली होती. घरात तो आणि त्याची विधवा सून, थोरल्या मुलाची.

"कोन शे?" त्याने विचारलं.

"एरंडोलकडली शे मी, आबा. लताबाई. तुमना अभिमननी मन्ही पोरना लगीनमा बाजा वाजाडा व्हता."

म्हातारा ताठ बसला. "उना का तो?"

लताबाईचे सगळे जुळवलेले शब्द तिथेच संपले. ती जमिनीवर बसली. गडू त्याच्या पायाशी ठेवला.

"आबा, तो येवाव नही," ती म्हणाली. "अकरा वरीस व्हई गयात. तुमना आंडोरले, अभिमनले, मी जाळा. मन्हा नवरा समजीसन."

आणि मग तिने सगळं सांगितलं. ताका, भांडण, समजी लिधं, दवाखाना, ओटा, उलटा दगड. गडूचंही सांगितलं. आपण भ्यालो आणि अकरा वर्षं उघडला नाही, हे तिने नवलसमोर पहिल्यांदा सांगितलं. नवलने मान खाली घातली. सून दारात उभी राहून ऐकत होती. शिंपी कुंपणाशी थांबला होता.

तोतारामने कापड मागून घेतलं. डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून त्याने कॉलर बोटांनी चाचपली. टोकं चाचपली. मग त्याने विचारलं.

"लाकडं पुरी व्हतीत?"

"व्हतीत, आबा. लिंबनी आन बाभूयनी. तूप बी व्हतं."

"कोनी रडं का?"

"मी रडनू. पोर रडनी. बठ्ठं गाव उनं व्हतं."

"पानी कोन ठेवे?"

"मीच. दर अखाजीले. घागर, आंबा, सांजोरी."

"किती घागरी व्हयन्यात?"

"दहा. औंदानी अकरावी."

म्हाताऱ्याने कापड कपाळाला लावलं.

"मंग उपाशी नही ऱ्हायना तो," तो म्हणाला.

लताबाईला वाटलं होतं शिव्या मिळतील, छाती बडवणं होईल, कोणी अंगावर धावून येईल. अकरा वर्षं तिने त्याचीच तयारी केली होती. या एका वाक्याची तयारी तिच्याकडे नव्हती. तिने पदर तोंडाला लावला.

मग तोतारामने मान वळवली. "हाऊ संगे कोन शे?"

"हाऊच तो," लताबाई म्हणाली. "ज्याना नावनं त्याले जाळं."

"आठे ये."

नवल खाटेजवळ जाऊन गुडघ्यांवर बसला. म्हाताऱ्याने त्याचं डोकं चाचपलं, खांदे चाचपले, दंडापासून मनगटापर्यंत हात फिरवला. वाद्याची कातडी ताणून बघावी तसं नीट, घाई न करता.

"तेवढाच शे," तो म्हणाला. "बाई, तुन्ही काही चूक नही. मी बी चुकनू असतू." आणि नवलला म्हणाला, "अखाजीले ये. मी आजवर त्यानी घागर भरी नही. जित्ता माणूसनी कशी भरू? आते भरनी पडी. पितर म्हनीसन तू बठ."

त्या वर्षी अखाजी आणि रमजान ईद एकाच दिवशी आली होती, तीन मेला. नवा ओटा आदल्या दिवशी पुरा झाला. हबीबने फरशी धुतली, शेंदूर खरवडला आणि जी बाजू अकरा वर्षं कोरी होती तिच्यावर नाव कोरलं. पाठीवरचं नवलचं नाव घासून काढू का, असं त्याने विचारलं होतं.

"राहू दे," नवल म्हणाला. "आज ना उद्या लागीच. तारीख तेवढी बदलनी पडी."

"तव्हयलोंग मी ऱ्हावाव नही," हबीब म्हणाला. "दुसरा मिस्तरी दख." आणि फरशी बसवून त्याने मागची फट चुन्याने बुजवून टाकली. सकाळी नमाज झाल्यावर तो नवे कपडे घालून, शीरखुर्म्याचा डबा घेऊन परत ओट्यावर आला. शिंदखेड्याला जाताना तिथे थांबलेल्या नवरा-बायकोला म्हणाला, चुना वाळला की नाही ते बघायला आलो.

शिंदखेड्याला तोतारामच्या घरी नवी लाल घागर मांडली होती. सुनेने पुरणपोळी आणि आमरस केला होता. निखाऱ्यांवर तूप सोडून सगळ्या पदार्थांचा घास घातला. नवल अंघोळ करून पितराच्या जागी पाटावर बसला. तोताराम भिंतीला धरून उठला, सुनेच्या हाताला धरून पाटापर्यंत आला. पाण्याचा तांब्या त्याने स्वतः नवलच्या हातात दिला.

"जेव, अभिमन," तो म्हणाला.

लताबाई दाराशी उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. सदतीस वर्षांचा संसार झालेला हा माणूस, त्याचा घोरण्याचा आवाज, त्याच्या चेष्टा, त्याचा राग, सगळं तिला पाठ होतं. पण त्या घटकेला पाटावर बसलेला माणूस तिच्या ओळखीचा राहिला नाही. त्याने मान वर केली आणि म्हाताऱ्याकडे पाहिलं, ते बघणं नवलचं नव्हतं. ते एखाद्या पोराने बापाकडे बघावं तसं होतं, फार दिवसांनी घरी आल्यावर. त्याने पहिला घास घेतला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो जेवत होता. सगळं जेवला. ताटात शीत ठेवलं नाही. तोताराम जवळ बसून चावण्याचा आवाज ऐकत होता. लताबाईचे हात आपोआप जोडले गेले. कोणाला जोडले ते तिला सांगता आलं नसतं.

परतताना दोघं ओट्याजवळ उतरले. तिने अकरावी घागर ठेवली. या वेळी "ज्यानं त्यानं" म्हणायची गरज पडली नाही. तिने नाव घेतलं, मोठ्याने, दोन वेळा. पलीकडच्या रस्त्यावरून ट्रक चालले होते. ओटा आता नव्वद पावलं आत सरकला होता, तरी जुने ड्रायव्हर त्या जागी एकेक हॉर्न देतच होते. दगड आता कोरा राहिलेला नाही हे त्यांना एवढ्या लांबून दिसणार नव्हतं.

त्यावर हबीबच्या हातचं कोरलेलं आहे ते असं: अभिमन तोताराम, राहणार शिंदखेडा, क्लॅरोनेट वाजवणारा, वय सव्वीस. शुक्रवार, तीन जून दोन हजार अकरा रोजी सकाळी या रस्त्यावर मेला.